खुब्याच्या सांध्यात ‘रिजनरेटिव्ह’ इंजेक्शन घ्यावे का?

वाचकांचे प्रश्न, अस्थिरोगतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. खुबा दुखतो, आणि कोणीतरी सांध्यात ‘नवी गादी तयार करणारे’ इंजेक्शन सुचवले आहे. ते घ्यावे की नाही, असा बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५८ असून आमची केळीची शेती आहे. दोन वर्षांपासून उजव्या जांघेत दुखते. सकाळी उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावले लंगडत पडतात, नंतर पाय थोडा मोकळा होतो. मोटारसायकलवर टांग टाकताना आणि पायाची नखे काढताना फार त्रास होतो. एक्स-रे पाहून सांध्याची झीज झाल्याचे सांगितले. एका मोठ्या शहरातील दवाखान्यात, ‘पीआरपी’ची (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटची) तीन इंजेक्शने घेतली तर गादी पुन्हा तयार होईल आणि ऑपरेशन टळेल, असे म्हणाले. पैसे एकरकमी भरायचे आहेत. बागेचे पैसे नुकतेच हाती आले आहेत. काय करावे?
(एक शेतकरी वाचक, ता. रावेर)

उत्तर : जांघेत दुखणे आणि नखे काढताना पाय जवळ न येणे, या आपण लिहिलेल्या दोन गोष्टींवरून दुखणे खरोखर खुब्याच्या सांध्यातलेच असावे असे वाटते. पुष्कळ रुग्ण कमरेखाली मागच्या बाजूला हात ठेवून ‘खुबा दुखस’ म्हणतात, आणि ते दुखणे बऱ्याचदा मणक्यातून आलेले असते. खुब्याचा सांधा जांघेच्या मागे खोलवर आहे. तो बिघडला की वेदना जांघेत, मांडीच्या पुढच्या भागात आणि कधी कधी फक्त गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचे एक्स-रे पुन्हा पुन्हा काढूनही काही सापडत नाही आणि शेवटी कोणीतरी खुबा फिरवून पाहतो तेव्हा निदान होते, असे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील उखळीत फिरतो. माथा आणि उखळी या दोन्हींवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते; बोलताना आपण त्यालाच गादी म्हणतो. या अस्तराला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. कातडी कापली गेली तर जखम भरण्यासाठी लागणारे सारे रक्तातून तिथे पोहोचते, कूर्चेला मात्र ती सोय नाही, आणि म्हणून प्रौढ वयात झिजलेले अस्तर आपोआप भरून येत नाही. पीआरपीमागचा विचार इथूनच सुरू होतो, आणि तो विचार म्हणून चुकीचा नाही. रुग्णाच्या हातातून साधारण २० ते ६० मिलिलिटर रक्त काढतात, ते यंत्रात वेगाने फिरवून त्यातील प्लेटलेटचा भाग वेगळा करतात आणि हा काही मिलिलिटर पिवळसर द्रव सांध्यात सोडतात. जखम झाली की प्लेटलेटमधून ऊतींच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये बाहेर पडतात. तीच द्रव्ये सांध्यात पोहोचवली तर सूज उतरेल आणि कदाचित दुरुस्तीही होईल, अशी त्यामागची अपेक्षा आहे.

अपेक्षा आणि अनुभव यांत किती अंतर आहे हे तपासणारा एक चांगला अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो गुडघ्याचा होता. सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ जणांपैकी काहींना पीआरपी आणि काहींना नुसते सलाइन, दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली. कोणाला काय मिळाले हे रुग्णांनाही माहीत नव्हते. वर्षानंतर दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते, पण दोन्हींचे जवळपास सारखेच, आणि एमआरआयमध्ये मोजलेली कूर्चाही दोन्हीकडे सारखीच झिजलेली होती. म्हणजे सलाइन घेतलेल्यांनाही ‘इंजेक्शन लागू पडले’ असेच वाटले. आपल्या गावात कोणाला पीआरपीने बरे वाटले असेल तर तो माणूस खोटे बोलत नाही. परंतु त्याला आलेला आराम आणि गादी पुन्हा तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या अभ्यासावरून समजते. खुब्यावरचे अभ्यास याहून लहान आहेत. काहींत थोडे महिने आराम दिसतो, काहींत इतर इंजेक्शनांपेक्षा वेगळे काही दिसत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत खुब्याच्या आणि गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये, असे ठामपणे म्हटले आहे. प्रत्येक ठिकाणी तयार होणारे पीआरपी वेगळे असते, त्यात प्लेटलेट किती आणि पांढऱ्या पेशी किती याचे एक ठरलेले प्रमाण नाही, हे त्यांनी दिलेले एक कारण आहे.

तेव्हा ‘गादी तयार होईल आणि ऑपरेशन टळेल’ या वाक्यावर विश्वास ठेवून एकरकमी पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. झीज अजून थोडी असेल, दुखणे काही महिने कमी झाले तरी पुरे अशी अपेक्षा असेल आणि त्यासाठी खर्च करण्याची तयारी असेल, तर पीआरपी घेणे गैर नाही. मात्र एक्स-रेमध्ये माथा आणि उखळी यांच्यातली फट बुजलेली असेल, तर त्यातून फारसे काही हाती लागण्याची शक्यता नाही.

आता आजपासून करता येण्यासारखे सांगतो. पहिली गोष्ट काठीची. माझ्या ओपीडीत उजवा खुबा दुखणारे बहुतेक सगळे रुग्ण काठी उजव्या हातात धरून येतात. मी ती काढून डाव्या हातात देतो आणि दारापर्यंत चालून यायला सांगतो. परत येताना चेहऱ्यावरच फरक दिसतो. याचे कारण सोपे आहे. एका पायावर उभे राहताना शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून कुल्ल्याचा स्नायू जोरात आवळतो, आणि त्या आवळण्याचा दाब सांध्यावर पडतो. चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट होतो. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातातील काठी स्नायूचे ते काम वाटून घेते. गावात काठी धरायची लाज वाटते, असे अनेकजण सांगतात. लंगडत बांधावर पडण्यापेक्षा काठी बरी, असे मी त्यांना सांगत असतो.

त्याच्या जोडीला कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम (कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, उशीवर टाच दाबणे) भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा नीट शिकून घ्यावेत आणि निदान तीन महिने नेमाने करावेत. वजन जास्त असेल तर उतरवावे. केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेतून चालणे बंद करावे, शौचाला खुर्चीचे कमोड वापरावे, जेवायला पाटाऐवजी खुर्चीवर बसावे. वेदनाशामक गोळ्या रोज स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; त्यांचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम लवकर लक्षात येत नाही.

दुखणे फारच वाढले, तर सोनोग्राफीखाली सांध्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन घेता येते. इंग्लंडमध्ये १९९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसता सल्ला आणि व्यायाम यांच्या तुलनेत त्याबरोबर असे इंजेक्शन दिलेल्यांना सहा महिन्यांच्या काळात अधिक आराम मिळाला. तेही गादी तयार करत नाही, आणि पुन्हा पुन्हा घेण्याचे नाही. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते. शिवाय इंजेक्शननंतर सुमारे तीन महिने सांधेबदल करू नये, कारण त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

ऑपरेशनची भीती आपल्या पत्रातून जाणवते, म्हणून त्याबद्दलही लिहितो. खुब्याचा सांधा बदलणे ही आजच्या अस्थिशल्यचिकित्सेतील सर्वांत खात्रीशीर शस्त्रक्रियांपैकी एक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनानुसार, बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. रात्रीची झोप मोडू लागली आणि शेतापर्यंत जाणे थांबले, की ती वेळ आली असे समजावे. बागेचे पैसे तोपर्यंत जपून ठेवावेत, आणि त्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली ही शस्त्रक्रिया आपल्याला कोणत्या रुग्णालयात मिळू शकते, हे योजनेच्या आरोग्यमित्राकडे (रुग्णांना मार्गदर्शन करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) विचारून घ्यावे.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांचे वय ३१ आहे. साथीच्या काळात ते रुग्णालयात होते आणि तेव्हा त्यांना स्टिरॉइड दिले होते. पुढे अंगदुखीसाठी त्यांनी वर्षभर एका ठिकाणाहून बिनलेबलच्या पुड्या आणल्या. पुडी घेतली की दोन तासांत दुखणे जायचे. आता दोन्ही खुबे दुखतात. एमआरआयमध्ये ‘एव्हीएन, दुसरी पायरी’ आले आहे. एका ठिकाणी स्टेम सेलचे इंजेक्शन सांगितले आहे, दुसऱ्या ठिकाणी खुब्याला भोक पाडण्याचे ऑपरेशन. दीर घाबरले आहेत आणि काहीच करायला तयार नाहीत.
(एक गृहिणी, धुळे)

उत्तर : वहिनी, आलेल्या पत्रांत आपले पत्र मला सर्वांत तातडीचे वाटते. कृपया उत्तर वाचून दिरांना दाखवावे.

रावेरच्या वाचकांचा आजार झिजेचा होता. दिरांचा आजार वेगळा आहे. एव्हीएन म्हणजे मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटणे आणि तिथले हाड मृत होणे. माथ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या बारीक आहेत आणि एक बंद पडली तर तिची जागा घेणारी दुसरी सहसा नसते. स्टिरॉइडचे मोठे डोस आणि दीर्घकाळचे अति मद्यपान ही याची आपल्याकडची मोठी कारणे आहेत. दोन तासांत दुखणे घालवणाऱ्या बिनलेबलच्या पुडीत स्टिरॉइड असण्याची शक्यता फार मोठी असते. त्या पुड्या थांबवाव्यातच, परंतु एका दिवसात नव्हे. वर्षभर घेतलेले स्टिरॉइड अचानक बंद केले तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते, म्हणून पुड्या फिजिशियनच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्यात. उरलेल्या पुड्या फेकू नयेत, डॉक्टरांना दाखवण्यासाठी ठेवाव्यात.

या आजाराच्या ढोबळ चार पायऱ्या मानतात. पहिलीत एक्स-रे अगदी ठीक दिसतो आणि फक्त एमआरआयमध्ये आजार कळतो. दुसरीत एक्स-रेमध्ये बदल दिसतात, पण माथा अजून गोल असतो. तिसरीत मृत हाड वजनाखाली दबते आणि माथा चपटा होतो. चौथीत सांधाच खराब होतो. दुसरी आणि तिसरी पायरी यांच्यामध्ये जी सीमा आहे तिच्या अलीकडे असेपर्यंत रुग्णाचा स्वतःचा सांधा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. दीर त्या सीमेच्या अलीकडे आहेत, आणि तिथे ते किती महिने राहतील हे कोणीही सांगू शकत नाही. काही न करता घरी बसणे हाच त्यांच्यापुढचा सर्वांत वाईट पर्याय आहे.

‘भोक पाडण्याचे ऑपरेशन’ म्हणजे कोअर डीकॉम्प्रेशन. मांडीच्या बाहेरच्या बाजूने बारीक मार्ग करून माथ्यातील मृत भागापर्यंत जातात, त्यामुळे हाडाच्या आतला दाब उतरतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. याच वेळी रुग्णाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून, ती घट्ट करून, त्याच मार्गाने मृत भागात सोडता येते. फ्रान्समधील शल्यचिकित्सक फिलिप एर्निगू यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १८९ खुब्यांच्या नोंदीत, माथा दबण्याआधी उपचार केलेल्या १४५ खुब्यांपैकी ९ मध्ये पुढे सांधेबदल करावा लागला. दबल्यानंतर उपचार केलेल्या ४४ खुब्यांपैकी मात्र २५ मध्ये तो लागला. त्या नोंदीत तुलनेचा दुसरा गट नव्हता, म्हणून मज्जेचा वाटा नेमका किती हे त्यावरून ठरत नाही, आणि सगळ्यांना तितके यश मिळालेलेही नाही. पण वेळेचा फरक किती पडतो ते या आकड्यांत दिसते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या पद्धतीत मज्जा हाडाच्या आत, मृत भागात सोडतात. ओपीडीत बसवून जांघेतून सांध्याच्या पोकळीत ‘स्टेम सेल’ सोडणे हा वेगळा प्रकार आहे, आणि पोकळीत सोडलेला द्रव कूर्चा ओलांडून माथ्याच्या आतल्या मृत हाडापर्यंत पोहोचेल असे मानायला आधार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या आजारांसाठी होणारे मज्जारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा. केंद्रीय औषध नियंत्रकांनी नंतर पेशींच्या मोजक्या उत्पादनांना ठरावीक आजारांसाठी परवानगी दिली आहे. म्हणून सुचवलेल्या उपचाराला खुब्याच्या एव्हीएनसाठी परवानगी आहे का, आणि चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय, हे लेखी मागावे. तपासल्या जात असलेल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेणे योग्य नाही.

माझ्या मनातून न गेलेला एक रुग्ण आहे. चोविशीतला ट्रकचालक, जांघ आणि मांडी दुखते म्हणून दुसऱ्या ठिकाणी सात महिने सायटिकाचे उपचार घेत होता, कमरेला पट्टा बांधून. कोणी त्याचा पाय आत फिरवून पाहिला नव्हता. माझ्याकडे आला तेव्हा टेबलावर चढताना दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून ठेवली, आणि पुढे एक्स-रेमध्ये दिसायचे ते त्या एका हालचालीतच दिसले होते. माथा दबलेला होता. सात महिने आधी त्याचा एमआरआय झाला असता तर त्याच्यापुढे जो पर्याय होता, तो मी त्याला देऊ शकलो नाही. दिरांपुढे तो आजही आहे. या आठवड्यातच त्यांना खुब्याच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या तज्ज्ञांकडे न्यावे, दोन्ही खुब्यांचा एमआरआय सोबत न्यावा, आणि तोपर्यंत पळणे, जिना, ओझे आणि दारू पूर्ण बंद.

प्रश्न : मी सातपुड्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. नववीतला एक मुलगा दोन महिन्यांपासून लंगडतो. त्याच्या मोठ्या बहिणीला सिकलसेल आहे. पालक त्याला सांध्यात इंजेक्शन देणाऱ्या एकाकडे नेणार आहेत.
(एक शिक्षक, ता. अक्कलकुवा)

उत्तर : गुरुजी, ते इंजेक्शन आधी थांबवावे. वाढत्या वयातील लंगडण्यामागे सिकलसेलमुळे झालेले एव्हीएन, माथा वाढीच्या रेषेवरून घसरणे, खुब्याचा क्षयरोग किंवा सांध्यातला पू, असे अनेक आजार असू शकतात, आणि यांपैकी कशावरही आंधळेपणाने टोचलेली सुई नुकसानच करील. क्षयाच्या सांध्यात स्टिरॉइड गेले तर आजार भडकतो.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या माथ्याच्या वाहिन्या बारीकच असल्याने तिथे रक्त तुटते. आपल्या भागातील भिल्ल आणि पावरा मुलांत हे पुष्कळ दिसते. हा आजार आनुवंशिक आहे आणि बहिणीला तो आहे, म्हणून या मुलाची रक्ततपासणी झाली नसेल तर ती प्रथम करावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत शून्य ते चाळीस वयोगटाची तपासणी धरलेली आहे, तेव्हा ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून होऊ शकते. नंतर मुलाला नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात न्यावे. ताप असेल किंवा पायावर उभेच राहता येत नसेल, तर त्याच दिवशी. तोपर्यंत खेळाचा तास, हंडे उचलणे बंद, आणि भरपूर पाणी. सिकलसेलमध्ये शरीर कोरडे पडणे फार वाईट. वसतिगृहात त्याला खालच्या मजल्यावरची खाट द्यावी.

प्रश्न : वय ४९. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाड लागते तिथे दुखते. त्या कुशीवर झोपता येत नाही. मांडी घालून बसता येते, नखेही काढता येतात. मलाही पीआरपी सांगितले आहे.
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ताई, मांडी घालता येते हे आपण लिहिले ते फार चांगले केले, कारण त्यावरून सांधा बहुधा ठीक आहे आणि दुखणे त्याच्या बाहेरच्या स्नायूबंधाचे आहे, असा अंदाज येतो. चाळिशीनंतर बायकांमध्ये हे नेहमी आढळते. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनी, व्यायाम आणि नीट समजावणे मिळालेल्या गटातील ७७ टक्के, स्टिरॉइडचे इंजेक्शन मिळालेल्यांतील सुमारे ५८ टक्के आणि नुसती वाट पाहिलेल्यांतील २९ टक्के रुग्णांना ठळक सुधारणा जाणवली. म्हणून आधी व्यायाम. पीआरपीच्या बाजूने खरे बोलायचे तर, याच दुखण्यात तिला थोडा आधार आहे: ८० रुग्णांच्या एका अभ्यासात बारा आठवड्यांनी ती स्टिरॉइडपेक्षा सरस ठरली. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही दुखले तर तिचा विचार करता येईल.

उभे राहताना एका कुल्ल्यावर भार टाकून, लेकराला कडेवर घ्यावे तसे, उभे राहू नये. पायावर पाय टाकून बसू नये. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवावी. रात्रीचे दुखणे एवढ्यानेही पुष्कळ हलके होते.

प्रश्न : खुब्यात ‘जेल’ आणि ‘ग्लुकोजची इंजेक्शने’ देतात, ती काय आहेत?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : जेल म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड, सांध्यातील वंगणासारखे द्रव्य. ग्लुकोजचे तीव्र द्रावण अस्थिबंधात किंवा सांध्यात टोचून मुद्दाम थोडी चाळवण करायची, म्हणजे दुरुस्ती सुरू होईल, या उपचाराला प्रोलोथेरपी म्हणतात. मी वर उल्लेख केलेल्या २०१९ च्या सूचनांत खुब्यासाठी पहिल्याला ठाम आणि दुसऱ्याला सौम्य नकार आहे. मीही खुब्यात ही दोन्ही देत नाही.

प्रश्न : वडिलांचे वय ६७. झीज मध्यम आहे. सर्व वाचून, विचारून, त्यांनी स्वतःच एकदा पीआरपी घ्यायचे ठरवले आहे. जाण्याआधी काय पाहावे? दवाखान्याने दहा दिवस आधी ‘सर्व गोळ्या’ बंद करायला सांगितल्या आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आहे.
(एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : वडिलांचा निर्णय त्यांचा आहे आणि त्याचा मान ठेवून लिहितो. खुब्याच्या सांध्यापर्यंत जायला साधारण नऊ सेंटिमीटर लांबीची सुई लागते आणि तिच्या वाटेजवळ मांडीची मोठी रोहिणी, नीला आणि चेतातंतू आहेत. म्हणून सुई सोनोग्राफी किंवा सी-आर्मच्या (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर पाहतच घातली जावी. ‘अंदाजाने बरोबर बसते’ असे कोणी म्हटले तर तिथून उठून यावे. रक्त काढण्यापासून इंजेक्शनपर्यंतचे काम निर्जंतुक जागेत, एकाच बैठकीत व्हावे. तीन इंजेक्शनांचे पैसे आधी भरू नयेत. पहिल्याचा परिणाम दोन-तीन महिने पाहावा. घरी आल्यावर दोन-तीन दिवस दुखणे वाढणे अपेक्षित आहे, पण ताप, थंडी किंवा पाय टेकवता न येण्याइतकी वेदना झाली तर सांध्यात जंतुसंसर्ग झाला नाही ना, हे त्याच रात्री पाहून घ्यावे.

गोळ्यांबाबत मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. पीआरपीआधी सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही दिवस थांबवतात, ते ठीक आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही प्लेटलेटवरच काम करतात, म्हणून त्याही थांबवायला सांगितल्या गेल्या असाव्यात. परंतु चार महिन्यांच्या स्टेंटसाठी त्याच दोन गोळ्या आधार आहेत. त्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. खुब्याच्या दुखण्यासाठी हा धोका कोणीही पत्करू नये. ज्यांनी स्टेंट बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय वडिलांची एकही गोळी बंद करू नका. त्यांनी नकार दिला तर पीआरपी पुढे ढकलावी आणि तोपर्यंत डाव्या-उजव्या हाताचा हिशेब पाहून वडिलांच्या हातात काठी द्यावी.